परिषद पुढे ढकलली म्हणजे नेमकं काय काय ढकललं?

२ मार्च २०२० ला दिल्लीजवळ ग्रेटर नोएडात एक लै मोठा कार्यक्रम सुरू व्हायचा होता, छत्तिसावी इंटरनॅशनल जिऑलॉजिकल काँग्रेस. भूशास्त्रवाल्यांची ही सगळ्यात जुन्या जागतिक परिषदांपैकी एक, पहिली भरली १८७८ साली पॅरिसला, आता साधारण दर चार वर्षांनी वेगवेगळ्या देशात भरते. भारतात याआधी ती एकदाच झालेली, १९६४ ला, म्हणजे तब्बल ५६ वर्षांनी आपला नंबर लागला होता. यजमानपद मिळालं २०१२ ला ब्रिस्बेनमध्ये, तिथून पुढं आठ वर्षं तयारी चाललेली, आणि ऐन तोंडावर कोरोनामुळं सगळं पुढे ढकललं.

आता सोलापुरात बसून याचं काय घेऊन बसलाय असं कुणी म्हणेल. पण आपण ज्या काळ्या दगडावर राहतो, विहीर खणताना मुरूम संपला की जो लागतो आणि मग ब्लास्टिंगवाला बोलवावा लागतो, तो दगड म्हणजे डेक्कन ट्रॅप, साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. जगातल्या भूशास्त्रज्ञांना डायनोसॉर कशानं गेले यावर भांडायचं असलं की त्यांना या दगडाचं नाव घ्यावंच लागतं. त्यामुळं अशी परिषद भारतात भरणं म्हणजे आपल्या दारात पाहुणे येण्यासारखंच होतं, आणि इथल्या बऱ्याच पोरांचे शोधनिबंध तयार होते.

तेव्हा कट्ट्यावर आणि नंतर व्हॉट्सअॅपवर मला बऱ्याच जणांनी एकच प्रश्न विचारला, की अहो सर, फेब्रुवारीअखेर भारतात पेशंट होते किती? तीन. तिघंही केरळचे, वुहानहून आलेले विद्यार्थी, आणि तिघंही बरे होऊन घरी गेलेले. मग एवढी घाई कशाला, आणि पुढे ढकलायचं तर तारीख बदलायची, त्यात एवढा बाऊ काय?

घाईचं आधी सांगतो. जे २ मार्चला उद्घाटन व्हायचं होतं त्याच दिवशी दिल्लीत एक आणि तेलंगणात एक असे दोन नवे पेशंट सरकारनं जाहीर केले. दुसऱ्या दिवशी, ३ मार्चला, इटली, इराण, दक्षिण कोरिया आणि जपान या चार देशांच्या लोकांचे, जे अजून भारतात आलेले नव्हते त्यांचे, व्हिसा तडकाफडकी थांबवले. चीनच्या लोकांचे तर फेब्रुवारीच्या सुरुवातीलाच थांबवले होते. ११ मार्चला जागतिक आरोग्य संघटनेनं महामारी जाहीर केली आणि त्याच दिवशी आपल्या सरकारनं जवळजवळ सगळेच व्हिसा १३ तारखेपासून बंद केल्याचं सांगितलं. म्हणजे परिषद ठरल्याप्रमाणं झाली असती तर पाहुणे इथं असताना एकेक दार बंद होत गेलं असतं, आणि उपग्रहाच्या फोटोवर भाषण करायला आलेला माणूस हॉटेलच्या खोलीत विमानाची वाट बघत बसला असता. आज हे दिसतंय सगळं, पण फेब्रुवारीत यातलं एकही दिसत नव्हतं, आणि या विषयातली सगळी अडचण तिथंच आहे.

बरं, वैज्ञानिक परिषदच एवढी धोक्याची का, आपल्या मंगळवार बाजारात काय कमी गर्दी असते? गर्दी बाजारातही असते, पण ती गर्दी संध्याकाळी आपापल्या घरी जाते आणि घर म्हणजे इथलंच जवळचं होटगी नाहीतर बाळे. परिषदेत पन्नास-शंभर देशांतली माणसं एका एसी हॉलमध्ये चार-पाच दिवस बसतात, चहाच्या टेबलाभोवती एकमेकांच्या तोंडाजवळ तोंड नेऊन बोलतात कारण गोंगाट असतो, रात्री एकत्र जेवतात, आणि शेवटच्या दिवशी सगळी एकदम विमानात बसून जगभर पांगतात. कोरोनाची लागण झाल्यापासून लक्षणं दिसायला सरासरी पाच-सहा दिवस लागायचे, कधी चौदासुद्धा. हे गणित नीट बघा. पहिल्या दिवशी लागण झालेला माणूस समारोपालाही ठणठणीत असतो, टाळ्या वाजवतो, ग्रुप फोटोत उभा राहतो आणि घरी पोचल्यावर तापतो. त्यामुळं परिषद चालू असताना आयोजकाला एकही आजारी माणूस दिसत नाही, त्याला वाटतं सगळं छान पार पडलं.

याचं खरं उदाहरण आहे. २६ आणि २७ फेब्रुवारी २०२० ला बोस्टनच्या एका हॉटेलात बायोजेन या औषध कंपनीची मीटिंग झाली. माणसं किती, तर पावणेदोनशेच्या आसपास, म्हणजे आपल्याकडं एवढी बारशाला येतात. तिथून शंभरेक जणांना लागण झाली. आणि नंतर शास्त्रज्ञांनी विषाणूचा जीनोम, म्हणजे त्याची अख्खी जनुकीय लिपी, वाचून बघितला, त्यात एक बारकासा बदल होता जो त्या मीटिंगमधून पसरलेल्या विषाणूची खूण ठरला, तर त्या खुणेचा माग काढत काढत गेल्यावर नोव्हेंबरपर्यंत त्या एका मीटिंगशी जोडलेल्या केसेसचा अंदाज लाखोंच्या घरात गेला. आलेली माणसं साधीसुधी नव्हती हो, औषध कंपनीची शिकलीसवरली, आजारपणातलं कळणारी. विषाणू डिग्री विचारत नाही.

त्याच आठवड्यात अमेरिकेत डेन्व्हरला भौतिकशास्त्रवाल्यांची मार्च मीटिंग होती, अमेरिकन फिजिकल सोसायटीची, दहा हजारांवर माणसं येणार होती. २ मार्चला सुरू व्हायची आणि सुरू व्हायला जेमतेम ३६ तास असताना रद्द केली. काही जण डेन्व्हरला उतरलेले होते, काही विमानात होते, उतरल्यावर फोन चालू केला आणि मेल दिसला. केवढी बोंब झाली. पण नंतर बोस्टनचं कळल्यावर तीच माणसं म्हणायला लागली की बरं झालं.

आणि हे काय पहिल्यांदाच घडलं असंही नाही. २००३ मध्ये सार्सची, कोरोनाच्याच कुळातल्या श्वसनाच्या आजाराची, साथ आली तेव्हा एप्रिलमध्ये टोरांटोला कॅन्सरवाल्या संशोधकांची मोठी परिषद होती, अमेरिकन असोसिएशन फॉर कॅन्सर रिसर्चची, ती अशीच तोंडावर रद्द केली आणि जुलैत वॉशिंग्टनला घेतली. तेव्हा एक वेगळाच मुद्दा होता, हे लोक कॅन्सरचे डॉक्टर, परत जाऊन ज्या पेशंटला हात लावणार त्यांची प्रतिकारशक्ती आधीच खालावलेली. म्हणजे कोण येणार आहे आणि तो परत जाऊन कुणाला भेटणार आहे हेही बघावं लागतं, नुसता आकडा बघून चालत नाही.

आता आयोजकाकडं पर्याय काय काय असतात ते बघू, आणि ते आपल्याला पंढरपूरच्या वारीवरून पटकन कळेल. आषाढी एकादशी पुढं ढकलता येत नाही, ती तिथी आहे, पंचांग काय कलेक्टरच्या हातात नाही. म्हणून २०२० ला वारी ढकलली नाही तर आवळली, १ जुलैला एकादशी आणि आदल्या दिवशी पादुका एसटीनं पंढरपुरात आणल्या, सोबत मोजकी माणसं, बाकी लाखोंनी घरीच टाळ वाजवले. परिषदेला तिथीचं बंधन नाही, म्हणून तिच्यापुढं जास्त वाटा असतात, पुढे ढकला, आवळा, ऑनलाइन करा नाहीतर सरळ रद्द करा. आणि गंमत अशी की वाटा जास्त असल्यामुळंच भांडणं जास्त होतात. तिथी असली की प्रश्न मिटतो.

यातली पुढे ढकलायची वाट सगळ्यात सोपी वाटते कारण ती ऐकायला बरी वाटते, कुणालाच नाही म्हणावं लागत नाही. पण पुढं म्हणजे कधी? साथ कधी संपणार हे माहीत नसताना दिलेली तारीख ही तारीख नसते, अंदाज असतो. आपली ही भूशास्त्र परिषद आधी नोव्हेंबर २०२० वर गेली, मग ऑगस्ट २०२१ वर गेली, आणि शेवटी मार्च २०२२ मध्ये तीन दिवसांत ऑनलाइन उरकली. इंडियन सायन्स काँग्रेसची १०८ वी बैठक पुण्यात जानेवारी २०२१ ला व्हायची होती, ती शेवटी जानेवारी २०२३ ला नागपुरात झाली. ग्लासगोची हवामान परिषद, ती राजकीय जास्त पण असो, एप्रिल २०२० मध्येच सरळ वर्षभर पुढं नेली, आणि तिथं तर ज्या हॉलमध्ये ती भरायची होती तिथंच तात्पुरतं हॉस्पिटल उभं राहिलं होतं. माझं मत विचाराल तर ग्लासगोवाल्यांनी शहाणपणा केला, एकदाच आणि लांब ढकललं. चार-सहा महिन्यांच्या हप्त्यांनी ढकलणं म्हणजे प्रत्येक वेळी तिकिटं, सुट्ट्या, हॉटेलं सगळं नव्यानं आणि लोकांचा विश्वास दरवेळी थोडा कमी.

आता पैशाकडं येतो, कारण खरा घोळ इथं आहे आणि याबद्दल कुणी नीट सांगत नाही.

एवढ्या मोठ्या परिषदेचा हॉल दोन-तीन वर्षं आधी बुक होतो. हॉटेलांशी करार असतो की आम्ही इतक्या खोल्या भरू, कमी भरल्या तर फरक आम्ही देऊ. आणि रद्द केलं तर दंड किती हे तारीख जवळ येईल तसं वाढत जातं, वर्षभर आधी थोडा, महिनाभर आधी जवळजवळ पूर्ण. म्हणजे जेव्हा रद्द करणं स्वस्त असतं तेव्हा साथीचं काही कळत नसतं, आणि जेव्हा कळतं तेव्हा रद्द करणं महाग झालेलं असतं.

मग करारात एक कलम असतं, फोर्स मेजर म्हणतात त्याला, पूर, भूकंप, युद्ध असं कुणाच्याच हातात नसलेलं काही झालं तर दोघंही मोकळे. आपल्या १८७२ च्या करार कायद्यातलं ५६ वं कलमही तेच सांगतं, की जे करणं अशक्य झालं तो करारच उरत नाही. पण भीती म्हणजे अशक्य नव्हे. लोक यायला घाबरतायत, आयोजकाला धोका वाटतोय, एवढ्यानं काम होत नाही, हॉलवाला म्हणतो माझा हॉल उघडाच आहे, लाइट चालू आहेत, या की. सरकारनं बंदी घातली की मात्र अशक्य झालं. महाराष्ट्रात १३ मार्च २०२० ला साथरोग कायदा लागू केला, तोच १८९७ चा, प्लेगच्या वेळी केलेला, तेव्हा कुठं हातात कागद आला. त्याच्या आधी, १९ फेब्रुवारीला, केंद्राच्या अर्थ मंत्रालयानं एक पत्रक काढून कोरोनामुळं मालपुरवठा अडला तर ती नैसर्गिक आपत्ती धरता येईल असं सांगितलं होतं, पण ते सरकारी खरेदीपुरतं.

म्हणजे आयोजकानं सोमवारी स्वतःहून रद्द केलं तर दंड त्याच्या बोकांडी, आणि तो थांबला आणि बुधवारी सरकारनं बंदी घातली तर पैसे परत मागायला जागा. आता सांगा तो काय करेल? बाहेरून बघणाऱ्याला वाटतं हे लोक झोपलेत, शेवटच्या क्षणापर्यंत मेल करत नाहीत. ते झोपलेले नसतात, ते सरकारी आदेशाची वाट बघत असतात. तोवर बिचारा सहभागी तिकीट काढून बसलेला असतो. हे मला अजिबात पटत नाही, पण करार तसाच लिहिलेला असतो.

इन्शुरन्स असतो का? असतो, पण सार्सनंतर बऱ्याच विमा कंपन्यांनी संसर्गजन्य रोग हे कार्यक्रमाच्या पॉलिसीतून वगळले किंवा वेगळा प्रीमियम लावला. विम्बल्डनवाले तो प्रीमियम कित्येक वर्षं भरत राहिले, लोक हसत असतील, आणि २०२० ला स्पर्धा रद्द झाल्यावर त्यांना भलीमोठी भरपाई मिळाली. वैज्ञानिक संघटनांकडं तेवढा पैसा कुठं, त्या रजिस्ट्रेशनच्या फीवर वर्ष काढतात, आणि परिषद बुडाली की ऑफिसातल्या लोकांच्या पगाराला चिमटा बसतो.

सगळेच आयोजक काही गरीब गाय नसतात हेही सांगतो. मी स्वतः एका परिषदेची फी भरलेली, नाव घेत नाही, त्यांनी परतावा मागितल्यावर कळवलं की पुढच्या वर्षी अॅडजस्ट करू. पुढचं वर्ष आलं तेव्हा वेबसाइटच बंद.

भारतात परिषद घ्यायची तर आणखी एक गोष्ट असते. परदेशी पाहुणे येणार म्हटलं की परराष्ट्र खात्याची मंजुरी, गृह खात्याची मंजुरी, आणि पाहुण्याला टुरिस्ट व्हिसा चालत नाही, कॉन्फरन्स व्हिसा लागतो. काही देशांच्या लोकांची तर वेगळी छाननी. तारीख बदलली की या फायली पुन्हा फिरायला लागतात. त्यात आपला मार्च एंड. प्रवासाचा सरकारी निधी ज्या आर्थिक वर्षात मंजूर झाला त्या वर्षात खर्ची पडायला पाहिजे, ३१ मार्चला हिशोब, युटिलायझेशन सर्टिफिकेट, म्हणजे पैसे कशावर खर्च झाले याचा दाखला, द्या. २ मार्चची परिषद नोव्हेंबरात गेली म्हणजे आयोजकांसाठी आठ महिने, पण ज्या पोरीला गाइडनं धावपळ करून युनिव्हर्सिटीतून पैसे मंजूर करून दिले होते तिच्यासाठी ते पैसे गेले, पुन्हा अर्ज, पुन्हा कमिटी.

आमच्या ओळखीतली एक अशी होती, आपल्या जिल्ह्यातल्या काळ्या दगडात भूजल कुठं साठतं यावर काम करणारी, दर उन्हाळ्यात गावोगाव विहिरींत टेप सोडून पाण्याची पातळी मोजायची, अंगाला कातळाचा वास यायचा म्हणते. तिचं पोस्टर, म्हणजे परिषदेत भिंतीवर लावून आपलं काम समजावायचा तक्ता, ठरलेलं होतं. मोठ्या प्रोफेसरला एक परिषद बुडाली तर पुढच्या चार असतात, त्याला सगळे ओळखतात. पण पीएचडीच्या शेवटच्या वर्षातल्या मुलीला तिथं कॉफी पिताना कुणीतरी विचारणार असतं की पुढं काय करणारेस, माझ्याकडं पोस्टडॉकची, म्हणजे पीएचडीनंतरच्या संशोधनाची, जागा आहे. ती भेट पुढे ढकलता येत नाही, दोन वर्षांनी ती विद्यार्थिनी राहिलेलीच नसते. त्या परिषदेतून काय बुडालं याचा हिशोब मांडायला बसलात तर हे कुठल्याच रकान्यात येत नाही.

आणि सोलापूरकरांना तर याचा दुसरा टोकाकडचा फटकाही माहीत असेल. परिषद म्हटलं की पिशवी, पेन, आणि सत्काराला टॉवेल नाहीतर चादर. एका कारखानदार मित्राकडं डॉक्टरांच्या कुठल्याशा परिषदेची नॅपकिनची ऑर्डर होती, जेकार्डवर, म्हणजे काठात लोगो आणि साल विणलेलं, छापलेलं नाही. छापलेलं असतं तर वरून काहीतरी करता आलं असतं, विणलेलं २०२० काढणार कसं? अॅडव्हान्स मिळालेला फक्त सुताइतका. परिषदवाले म्हणाले तारीख नक्की झाली की कळवतो, आणि गठ्ठे गोडाऊनला पडून राहिले, शेवटी किलोवर विकले. तिकडं टोकियोवाल्यांनी ऑलिम्पिक २०२१ ला घेऊनसुद्धा नाव टोकियो २०२० च ठेवलं, त्यांना ते परवडतं. हा मित्र आता ऑर्डर घेताना आधीच सांगतो, सर साल टाकू नका, नुसतं नाव टाका.

मग शेवटचा प्रश्न, सगळं झूमवर का नाही घेत? घेतलं की, बऱ्याच जणांनी. व्हिएन्नाला युरोपातल्या भूशास्त्रवाल्यांची दरवर्षी परिषद असते, सोळा हजारांच्या आसपास माणसं जातात. मे २०२० मध्ये त्यांनी काही आठवड्यांत ती ऑनलाइन उभी केली, आणि सव्वीस हजारांवर लोक आले. त्यात व्हिडिओ नव्हता बरं का, बहुतेक चर्चा नुसत्या टाइप करून, चॅटवर. हळू नेट असलेल्यालाही जमलं, आणि ज्यांना व्हिएन्नाचं तिकीट सात जन्मात परवडलं नसतं ते घरून आले. हा फायदा मोठा आहे आणि मला वाटतं तो मान्य न करणारे बहुतेक जण स्वतः फुकट फिरणारे असतात.

पण काय जमत नाही तेही खरं. डेन्व्हरच्या सकाळी दहाचं भाषण म्हणजे आपल्याकडं रात्री साडेनऊ-साडेदहा, घरात जेवणं चाललेली, टीव्ही चालू, मग तुम्ही म्यूट करून एका कानानं ऐकता. प्रश्नोत्तरं होतात, भांडणं होत नाहीत, आणि विज्ञानात अर्धं काम भांडणांनी होतं. आणि भूशास्त्रात तर फील्ड ट्रिप हाच परिषदेचा गाभा. हातोडीनं दगड फोडून, भिंगाखाली धरून, जिभेला लावून बघणारी जमात ही, त्यांना स्लाइडवर बेसॉल्ट, म्हणजे आपला तो काळा दगड, दाखवून काय उपयोग.

आता परिषदा पुन्हा भरायला लागल्यात, भूशास्त्रवाल्यांची सदतिसावी ऑगस्ट २०२४ मध्ये दक्षिण कोरियात बुसानला झालीसुद्धा. तुमच्यापैकी कुणी अर्ज करत असाल तर फी भरायच्या आधी रिफंडचं पान उघडून तीन गोष्टी बघा. पुढे ढकललं तर पैसे परत की क्रेडिट, हे लिहिलंय का. ऑनलाइन झालं तर फीतला फरक देणार का. आणि तुमचा अॅबस्ट्रॅक्ट, म्हणजे पाठवलेला निबंधाचा सारांश, आपोआप पुढच्या तारखेला जाणार की पुन्हा भरावा लागणार. तिसरं बहुतेक वेळा लिहिलेलंच नसतं, तेव्हा मेल टाकून विचारून घ्या, उत्तर लेखी ठेवा, आणि निवड झाल्याचं पत्र लगेच डाउनलोड करून ठेवा, कारण सीव्हीत परिषद पुढे ढकलली असं लिहिता येतं, पण पुरावा वेबसाइटवर कायम राहील याचा भरवसा नाही.